अतिशीत वायू : त्यांचे प्रकार, गुणधर्म आणि पशुपैदाशीतील उपयोग

कळमेश्वर तालुक्याचे नाव निघाले की संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर आणि सोयाबीन ही पिके प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु बहार हुकला अथवा पावसाने दगा दिला, तर त्या वर्षी घरखर्चाचा भार पुष्कळदा दाराशी बांधलेल्या गाईम्हशीवर पडतो. ती वेळेवर गाभण राहिली तर दूध वेळेवर मिळते. न राहिली तर भाकड जनावर पोसण्याचा बोजा शेतकऱ्याच्या शिरावर येतो.

आज गाईम्हशी फळविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कृत्रिम रेतनाने होते. त्यासाठी लागणारे रेत पशुवैद्यकीय दवाखान्यात एका जाड, अरुंद तोंडाच्या ॲल्युमिनियमच्या पात्रात ठेवलेले असते. झाकण उचलताच त्यातून पांढरे धुके बाहेर पडते. शेतकरी ते पाहतो, पण आत काय आहे हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. काहींना ते बर्फ वाटते, तर काहींना औषध. वास्तविक ते या दोहोंपैकी काहीच नाही. आपण श्वासाबरोबर जी हवा घेतो, तिच्यातीलच एक वायू अतिशय थंड करून तेथे द्रवरूपाने साठविलेला असतो. हा वायू म्हणजे नत्र. त्याचे आणि त्याच्या भावंडांचे गुणधर्म समजून घेतले, तर पात्राची निगा कशी राखावी, गाय वारंवार का उलटते आणि अपघात कसे टाळावेत, या तिन्ही गोष्टी समजण्यास मदत होईल.

अतिशीत वायू म्हणजे काय?

पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते व शून्य अंशाला गोठते. वायूंचेही तसेच आहे. फरक इतकाच, की त्यांचे उकळण्याचे बिंदू आपल्या नेहमीच्या हवामानाच्या फार खाली असतात. ज्या वायूंचा द्रव होण्यासाठी तपमान साधारणतः उणे १५० अंशांच्याही खाली न्यावे लागते, त्यांस अतिशीत वायू म्हणतात. जगात थंडीला एक तळ आहे. तो उणे २७३.१५ अंश होय. त्याखाली तपमान जाऊच शकत नाही.

नेहमीच्या हवादाबाखाली प्रमुख अतिशीत वायूंचे उकळण्याचे बिंदू पुढीलप्रमाणे आहेत :

मिथेन — उणे १६१ अंश
प्राणवायू — उणे १८३ अंश
आरगॉन — उणे १८६ अंश
नत्र — उणे १९६ अंश
निऑन — उणे २४६ अंश
हायड्रोजन — उणे २५३ अंश
हेलियम — उणे २६९ अंश

कार्बन डाय-ऑक्साइड या यादीत बसत नाही. तो उणे ७८.५ अंशाला एकदम घन होतो व त्याच तपमानाला वितळण्याऐवजी थेट वायुरूप होतो. बाजारात त्यास ‘कोरडा बर्फ’ म्हणतात.

हवेपासून द्रव कसा तयार होतो?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. हवा दाबली की ती तापते. उलटपक्षी, दाबलेली हवा आधी थंड करून मग एकदम पसरू दिली, तर ती आणखी थंड होते. हीच क्रिया पुनःपुन्हा केली असता हवेचे तपमान उतरत जाऊन शेवटी तिचे पाणी होते. जर्मनीतील कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ साली या तत्त्वावर हवा द्रवरूप करण्याचे यंत्र सिद्ध केले. त्यापूर्वी १८८३ साली पोलंडमधील क्राकोव्ह येथे व्रोब्लेव्स्की व ओल्शेव्स्की या दोघा शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत प्राणवायू व नत्र यांचा द्रव मिळविला होता.

कारखान्यात प्रथम हवा गाळून घेतात. तिच्यातील पाण्याची वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकतात, अन्यथा ते गोठून नळ्या तुंबतात. मग हवा द्रवरूप करून उंच मनोऱ्यात सोडतात. नत्र उणे १९६ अंशाला, म्हणजे प्राणवायूच्या आधी उकळतो. म्हणून तो वर जातो व प्राणवायू तळाशी राहतो. हवेत नत्र शेकडा ७८, प्राणवायू शेकडा २१ व आरगॉन सुमारे शेकडा १ या प्रमाणात असतो. कच्चा माल फुकट व अमर्याद आहे. खर्च होतो तो विजेचा.

निरनिराळ्या वायूंचे गुणधर्म

प्राणवायू : याचा द्रव फिकट निळसर असतो. एक लिटर द्रवाचे वजन सुमारे १ किलो १४० ग्रॅम भरते व त्यापासून सुमारे ८६० लिटर वायू होतो. तो स्वतः जळत नाही, परंतु दुसऱ्या पदार्थास भडकून जळण्यास मदत करतो. तेल, वंगण, डांबर अथवा कापूस यांच्याशी त्याचा संबंध आल्यास स्फोटासारखी आग लागू शकते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या साथीत या द्रवाचे मोल सर्वांना कळले. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणम येथे द्रवरूप प्राणवायू भरून २३ एप्रिल रोजी नागपुरास पोचली. तिच्यावरील सात टँकरांपैकी तीन नागपुरास उतरविण्यात आले व उरलेले नाशिककडे रवाना झाले. त्याच आठवड्यात, २१ एप्रिल रोजी, नाशिकच्या एका रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली आणि पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. थंड द्रवाची साठवण व निगा यांवर माणसाचा जीव कसा अवलंबून असतो, हे या दोन घटनांवरून ध्यानात येईल.

आरगॉन : हा कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग पावत नाही. म्हणून जोडकाम करताना तापलेल्या धातूला हवा लागू नये यासाठी तो वापरतात.

मिथेन : गोबरगॅसमधील जळणारा मुख्य वायू हाच होय. भूगर्भातील नैसर्गिक वायूही बहुतांशी मिथेनच असतो. द्रवरूप केल्यावर तो सुमारे सहाशेपटीने कमी जागा व्यापतो. त्यामुळे जहाजातून आणणे सोयीचे पडते. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे असा द्रव उतरवून घेण्याचे केंद्र आहे.

हायड्रोजन : हा सर्वांत हलका. एक लिटर द्रवाचे वजन अवघे ७१ ग्रॅम. तो अतिशय ज्वालाग्राही आहे. द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप प्राणवायू एकत्र जाळून अग्निबाण उडवितात. स्वदेशी बनावटीच्या अशा अतिशीत इंजिनाच्या साहाय्याने भारताने ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही अग्निबाणाचे यशस्वी उड्डाण केले.

निऑन : हवेत हा अत्यल्प असतो. लाल-नारिंगी प्रकाशाच्या दिव्यांत त्याचा उपयोग होतो.

हेलियम : द्रवरूप करण्यास हा सर्वांत कठीण. नेदरलँड्समधील लायडन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी १९०८ साली ते साधले. नेहमीच्या दाबाखाली हा वायू कितीही थंड केला तरी घन होत नाही. मोठ्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्राचे चुंबक थंड ठेवण्यास तो लागतो.

नत्र : याचा द्रव पाण्यासारखा स्वच्छ, रंगहीन व गंधहीन असतो. एक लिटरचे वजन सुमारे ८०० ग्रॅम असते व त्यापासून जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. तो जळत नाही व दुसऱ्यास जाळण्यास मदतही करीत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांस इतके घट्ट धरून असतात, की ते सहसा सुटत नाहीत. याच कारणामुळे हवेत नत्राचा समुद्र असूनही पिकास तो घेता येत नाही व युरियाचे पोते विकत आणावे लागते. तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू मात्र ही घट्ट गाठ सोडवितात. तपमान अतिशय कमी, आगीचे भय नाही, साठविलेल्या पदार्थावर परिणाम नाही आणि किंमत इतरांच्या मानाने कमी, या चार गुणांमुळे रेत साठविण्यासाठी नत्राची निवड झाली.

रेत थंडीत कसे टिकते?

रेत नुसते गोठविले तर त्यातील पाण्याचे टोकदार बर्फकण होऊन शुक्रजंतू फाटतात. १९४९ साली ब्रिटनमधील पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरीन मिसळल्यास शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहतात, हे दाखवून दिले. आरंभी कोरड्या बर्फाच्या साहाय्याने रेत उणे ७९ अंशावर ठेवीत. परंतु त्या थंडीतही रेत हळूहळू खराब होई. उणे १९६ अंशावर मात्र जीवनाची सर्व हालचाल थांबते व रेत वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे वळू मेल्यानंतरही त्याची वासरे जन्मास येऊ शकतात.

महाराष्ट्रात या कामी शासनाच्या पशुसंवर्धन खात्याबरोबरच उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बायफ संस्थेने मोठा वाटा उचलला. द्रवनत्र ठेवण्याची ‘क्रायोकॅन’ नावाची पात्रे नाशिक येथे तयार होतात. पूर्वी हा कारखाना आयबीपी कंपनीचा होता. ती कंपनी २००७ साली इंडियन ऑइलमध्ये विलीन झाली.

या सोयीचा एक विशेष लाभ वैदर्भीय शेतकऱ्यास आहे. नागपूर-वर्धा भागातील गवळाऊ गाय व नागपुरी म्हैस या आपल्या उन्हास सोसणाऱ्या जाती होत. त्यांच्या निवडक वळूंचे व रेड्यांचे रेत साठवून ठेवता आले, तर जात राखण्याचे काम गावोगावी वळू पोसण्याच्या खर्चाशिवाय होऊ शकते.

पात्राची रचना व निगा

जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली दुहेरी भिंतीचे व मधली हवा काढून घेतलेले पात्र तयार केले. आपली चहाची थर्मास बाटली त्याच तत्त्वावर चालते, व द्रवनत्राचे पात्रही तसेच आहे. दोन भिंतींमधील पोकळी हाच त्याचा प्राण. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश व आत उणे १९६ अंश, म्हणजे मध्ये २४१ अंशांचा फरक असतो. तो काही बोटे जाडीच्या भिंतीने अडवून धरावयाचा असतो. तरीही थोडी उष्णता आत शिरतेच व तितके नत्र उकळून उडून जाते. पात्र कधीही न उघडले तरी ते कायमचे भरलेले राहणार नाही, हे ओळखून पुढील दक्षता घ्यावी :

१. पात्र सावलीत, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावे. जमिनीवर घासत अथवा आडवे करून नेऊ नये. ठोकर लागल्यास आतील मानेचा सांधा दुखावतो व पोकळी नष्ट होते.

२. द्रवाची पातळी ठराविक दिवशी मोजावी. बारीक लाकडी पट्टी तळापर्यंत काही क्षण बुडवून बाहेर काढावी व हवेत हलवावी. जेथवर पांढरे दव चढेल, तेथवर द्रव आहे असे समजावे. पोकळ नळी कधीही बुडवू नये, कारण तिच्यातून द्रव उसळून अंगावर येतो.

३. प्रत्येक माप वहीत लिहावे. समजा, या सोमवारी पातळी २० सेंटिमीटर व पुढील सोमवारी १४ सेंटिमीटर भरली, तर आठवड्यास ६ सेंटिमीटर घट झाली. त्या हिशेबाने दोन आठवड्यांत पातळी २ सेंटिमीटरवर येईल. म्हणून पुढील भरणा त्याआधीच झाला पाहिजे. एरवीपेक्षा घट अचानक वाढली, तर पात्र बिघडले असे समजावे.

४. पात्राच्या बाहेरील अंगावर अथवा मानेभोवती दव वा बर्फ साचू लागले, तर मधली पोकळी गेली आहे. अशा पात्रातील रेत विनाविलंब दुसऱ्या भरलेल्या पात्रात हलवावे.

५. पात्राचे मूळचे सैल बूच सोडून दुसरे घट्ट झाकण कधीही लावू नये. एका लिटरचा ७०० लिटर वायू होतो. त्यास वाट न मिळाल्यास पात्र फुटेल.

एकदा पात्र कोरडे पडून आतील रेतकांड्या उबदार झाल्या, तर त्यांत पुन्हा नत्र भरून उपयोग नाही. मेलेले शुक्रजंतू परत जिवंत होत नाहीत. कांडी मात्र बाहेरून पहिल्यासारखीच दिसते. हा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच वहीचे महत्त्व.

कांडी बाहेर काढताना

रेतकांडी ही पाव मिलिलिटरची बारीक नळी असते. इतक्या लहान वस्तूस उष्णता क्षणात लागते. उणे १३० अंशांच्या वर तपमान गेले की आत बर्फकण पुन्हा वाढू लागतात. म्हणून कांड्यांची डबी पात्राच्या मानेखालीच ठेवावी, तोंडाबाहेर काढू नये. हवी ती कांडी चिमट्याने काही सेकंदांत उचलावी. न सापडल्यास डबी द्रवात बुडवून, थोडे थांबून, पुन्हा प्रयत्न करावा. एका कांडीसाठी झालेल्या शोधाशोधीत तिच्या शेजारच्या कांड्या निकामी होऊ शकतात.

काढलेली कांडी ३७ अंश उष्णतेच्या पाण्यात ३० सेकंद धरावी. पाणी तपमापकाने मोजावे. बोटाचा अंदाज, खिशातील ऊब वा उन्हातील बादली उपयोगी नाही. कांडी कोरडी पुसून, सावलीत नळीत भरून लगेच रेतन करावे. वितळलेली कांडी परत गोठविता येत नाही. केवळ कालवडी मिळाव्यात म्हणून निवडलेल्या कांडीत शुक्रजंतूंची संख्या नेहमीच्या कांडीहून पुष्कळ कमी असते. तिच्या बाबतीत तर हे नियम काटेकोरपणे पाळावेत.

शेतकऱ्याने काय करावे?

पात्रातील थंडी शाबूत असली तरी निम्मे काम शेतकऱ्याच्या हाती राहते. गाय साधारणतः २१ दिवसांनी माजावर येते व माज अर्धा ते एक दिवस टिकतो. सकाळी माज दिसल्यास त्याच सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्यावे. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो व रात्री अथवा पहाटे दिसतो. म्हणून झोपण्यापूर्वी व भल्या पहाटे गोठ्यात एक फेरी मारावी.

एक माज वाया गेला तर काय नुकसान होते, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरचा मांडावा. गाईच्या वैरण-पेंडीचा रोजचा खर्च १५० रुपये धरला, तर २१ दिवसांचे ३,१५० रुपये होतात. शिवाय पुढचे वेत तितके लांबते ते निराळेच.

रेतनाच्या वेळी कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक व जात वाचून दाखविण्यास सांगावे. तो क्रमांक, तारीख आणि जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक घरच्या वहीत टिपून ठेवावा. यात संकोच बाळगू नये. चांगला कार्यकर्ता अशा विचारणेचे स्वागतच करील. दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी. गाय उलटल्यास केवळ रेतास दोष देऊ नये. चुकलेली वेळ, निकृष्ट आहार, खनिजांची उणीव व गर्भाशयाचे रोग हीदेखील कारणे असतात. परंतु एकाच पात्रातून फळविलेल्या अनेक जनावरांनी एकाच सुमारास माज दाखविला, तर ग्रामकार्यकर्त्याने ती गोष्ट तत्काळ पशुवैद्यकास कळवावी, म्हणजे पात्राची व रेताची तपासणी होऊ शकेल.

अपघातापासून संरक्षण

द्रवनत्र विषारी नाही, तरीही ते जीव घेऊ शकते. समजा, तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीत १० लिटर द्रव सांडला. खोलीत २७ हजार लिटर हवा आहे व द्रवापासून जवळजवळ ७ हजार लिटर नत्र होईल. बंद खोलीतील प्राणवायू शेकडा २१ वरून सुमारे १६ वर उतरेल, आणि थंड वायू जड असल्याने जमिनीलगत तो त्याहूनही कमी होईल. नत्रास वास नाही, त्याने खोकला येत नाही. माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. म्हणून भरणा करताना दारेखिडक्या उघड्या ठेवाव्यात. बंद काचांच्या गाडीत पात्र नेऊ नये. कोणी पडलेला दिसल्यास प्रथम हवा खेळती करावी व मदतीस माणसे बोलवावीत. एकट्याने आत धाव घेतल्यास दोन जीव जातात.

द्रव अंगावर पडल्यास भाजल्यासारखी जखम होते. भरणा करताना डोळ्यांवर चष्मा, हातात सैल व कोरडे हातमोजे आणि पायांत बंद जोडे असावेत. विजारीची टोके जोड्यांत खोचू नयेत, नाहीतर द्रव आत साठतो. जखम झाल्यास ती चोळू नये. कोमट पाणी सोडावे व दवाखान्यात जावे. धुके पाहण्यासाठी मुले जमतात, त्यांना दूर ठेवावे.

हवेतील वायूचे पाणी करून ते खेडोपाडी पोचविण्यात कारखानदार, वाहनचालक, पशुवैद्यक आणि ग्रामकार्यकर्ता अशा अनेकांचे श्रम खर्ची पडतात. या साखळीतील एक कडी निखळली तरी शेवटी गोठ्यातील गाय रिकामी राहते. पात्राची पातळी मोजणारी एक पट्टी, नोंदीची एक वही आणि माज ओळखणारी शेतकऱ्याची जागरूक नजर, इतक्या अल्प साधनांनी ही साखळी सांभाळता येते. कळमेश्वर, मोहपा, धापेवाडा आणि परिसरातील प्रत्येक गावाने आपल्या दवाखान्यातील पात्राची चौकशी या महिन्यातच करावी व नोंदवहीस आरंभ करावा.